देव नदीपलीकडे का गेले? मैत्रिणींसोबत पाहिलेलं जुने गोवे



मंगेशीला जाऊन आलेली, कवळ्याच्या शांतादुर्गेची ओटी भरलेली, म्हार्दोळच्या म्हाळसेपुढे नारळ ठेवलेली बाई आपल्या भागात घरटी एक तरी सापडेल. पण या देवळांपासून अर्ध्या तासाच्या अंतरावरचं जुने गोवे नीट पाहिलेली बाई मात्र शोधावी लागते. पाहिलेलं असलंच तर ते गाडीतून उतरून, चर्चसमोर फोटो काढून, पुन्हा गाडीत बसण्यापुरतं. आज आपण याच शहराविषयी बोलणार आहोत. चारशे वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या सगळ्या पोर्तुगीज राज्याची ही राजधानी होती. आणि आपली दैवतं आज जिथे आहेत तिथे का आहेत, या प्रश्नाचं उत्तर याच शहरात आहे.

आम्ही सहाजणी गेलो होतो, कुडाळच्या एकाच बचत गटातल्या. सगळ्यात लहान चौतीस वर्षांची, सगळ्यात मोठ्या काकी त्रेसष्टच्या. वर्षभर दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. देवदर्शनाला जातो म्हटल्यावर घरी कुणाचीच हरकत नव्हती. पण आदला एक दिवस जुन्या गोव्यात काढणार म्हटल्यावर बहुतेक घरांतून एकच प्रश्न आला, "पडक्या भिंती बघून काय मिळणार?" तेव्हा काय मिळतं ते सांगतो.

आधी नावाचा घोळ सोडवू. गोव्यात 'जुने गोवे' नावाचं एक ठिकाण आहे आणि 'गोवा वेल्हा' नावाचं दुसरं. पोर्तुगीज भाषेत 'वेल्हा' म्हणजे जुना, त्यामुळे दोन्हींचा अर्थ सारखाच. पण गोवा वेल्हा हे गाव पणजी-मडगाव रस्त्यावर आहे. तिथे त्याच परिसरात पोर्तुगीजांच्याही आधीची, कदंब राजांची राजधानी होती. आपल्याला जायचंय ते जुने गोवे मांडवी नदीच्या काठी, पणजीहून फोंड्याला जाणाऱ्या रस्त्यावर, पणजीपासून दहाएक किलोमीटरवर. कंडक्टरला 'ओल्ड गोवा' असं सांगितलं की चूक होत नाही. रेल्वेने जाणार असाल तर कोकण रेल्वेचं करमळी स्टेशन सगळ्यात जवळचं. आम्ही कुडाळला सकाळी गाडीत बसलो आणि करमळीला उतरून रिक्षा केली. सगळ्या गाड्या करमळीला थांबत नाहीत, एवढं मात्र तिकीट काढण्याआधी बघून घ्या.

शहर बघायला सुरुवात कुठून करायची? बहुतेक लोक मोठ्या चर्चपासून करतात. आम्ही नदीवरून केली, कारण हे शहर नदीसाठी वसलं होतं. काठावर एक कमान उभी आहे, तिला व्हाइसरॉयची कमान म्हणतात. लिस्बनहून नवा व्हाइसरॉय आला की तो इथे जहाजातून उतरून या कमानीखालून शहरात शिरायचा. १५९९ मध्ये वास्को द गामाच्या पणतूने ती बांधवली, आणि तोच त्या वेळी व्हाइसरॉय होता. आजची कमान १९५४ मध्ये पुन्हा उभारलेली आहे. तिच्यावर वास्को द गामाचा पुतळा आहे.

पोर्तुगीजांनी हे शहर घेतलं ते २५ नोव्हेंबर १५१० रोजी, विजापूरच्या आदिलशाहीकडून. तेव्हाही ते भरभराटीचं बंदर होतं. अरबस्तानातून आणि इराणातून घोडे इथे उतरायचे. अफोन्सो द आल्बुकर्क हा पोर्तुगीजांचा सेनापती. जिंकल्याचा दिवस संत कॅथरीन हिच्या सणाचा होता, म्हणून तीच शहराची रक्षणकर्ती ठरली. इथलं सगळ्यात मोठं चर्च, से कॅथेड्रल, तिच्याच नावाने आहे.

आल्बुकर्कने दोन गोष्टी अशा केल्या की त्यांचा बायकांच्या आयुष्याशी थेट संबंध होता. एक म्हणजे त्याने आपल्या ताब्यातल्या मुलखात सती जाण्यावर बंदी घातली, म्हणजे इंग्रजांच्या १८२९ च्या कायद्याच्या तीनशेहून अधिक वर्षं आधी. दुसरी म्हणजे त्याने आपल्या शिपायांना इथल्या बायकांशी लग्न करायला उत्तेजन दिलं आणि लग्न करणाऱ्यांना जमीन, घर, पैसा दिला. या बायकांमध्ये युद्धात हाती लागलेल्याही होत्या. त्यांना कुणी पसंती विचारली असेल असं वाटत नाही. चितेवरून बाईला वाचवणारा आणि जिंकलेल्या मालासारखी तिला वाटून देणारा, असा एकच माणूस होता. इतिहासाकडे बघताना या दोन्ही गोष्टी एकत्र धराव्या लागतात.

आता कमानीतून आत चालत या आणि आजूबाजूला बघा. चर्च दिसतात, हिरवळ दिसते, नारळीची झाडं दिसतात. पण घरं कुठे आहेत? एवढ्या मोठ्या राजधानीत लोक राहत होते, बाजार भरत होता, वाडे होते, इस्पितळ होतं, तुरुंग होता. ते सगळं गेलं कुठे?

याचं उत्तर आपल्या रोजच्या कामातलंच आहे, मैत्रिणींनो. ते आहे पाणी. इथली जमीन जांभ्याची. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, त्यातून पाणी झिरपतं हे कोकणातल्या बाईला सांगायला नको. दाट वस्ती, जवळजवळ खोदलेल्या विहिरी आणि शेजारीच घाणीचे खड्डे. खड्ड्यांतलं पाणी विहिरींत उतरू लागलं. भोवती खाजण आणि दलदल, त्यामुळे डास. १५४३ मध्ये पटकीची मोठी साथ आली आणि पुढे साथी येतच राहिल्या. बाहेरून डच लोकांनी समुद्र अडवून व्यापार तोडला. माणसं शहर सोडू लागली. १६९५ मध्ये व्हाइसरॉयच पणजीच्या दिशेने पणेली इथे राहायला गेला, १७५९ मध्ये पणजीला. १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. मागे राहिलेले वाडे पाडून त्यांचे दगड पणजीच्या बांधकामाला नेले. चर्च तेवढी उभी राहिली, म्हणून आज हे शहर म्हणजे फक्त चर्च असं वाटतं.

या चर्चमध्ये बघायचं तरी काय? से कॅथेड्रलचं काम १५६२ मध्ये सुरू झालं आणि मुख्य इमारत १६१९ मध्ये पुरी झाली. समोरून बघितलं तर एकाच बाजूला मनोरा आहे. दुसरा मनोरा १७७६ मध्ये पडला, तो पुन्हा बांधला नाही. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातली सगळ्यात मोठी घंटा आहे.

रस्त्यापलीकडे बॉम जेझूस बॅसिलिका. सगळी चर्च पांढरीशुभ्र आणि ही एकटीच तांबडी का, असं आमच्यातल्या एकीने विचारलं. त्याचं कारण असं की तिचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला. आपल्याकडे जांभ्याच्या भिंतीला गिलावा आणि चुना कशासाठी करतात? पावसाचं पाणी आत मुरू नये म्हणून. उघडा पडलेला हा जांभा दर पावसाळ्यात झिजतो आणि त्यावर गिलावा परत चढवावा की नाही यावर जाणकारांत वाद आहे. पांढऱ्या चर्चचा पांढरेपणा शोभेसाठी आहे असं आपल्याला वाटतं, पण तो मुळात भिंत टिकवण्यासाठी आहे.

या बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव चांदीच्या पेटीत ठेवलं आहे. ते १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले आणि १५५४ मध्ये त्यांचं शव गोव्यात आणलं. पेटी गोव्याच्या सोनारांनी घडवली. खालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या तोस्काना प्रांताच्या राजाने पाठवला. आता यात आपल्या इतिहासाचा धागा बघा. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने शहराला लागून असलेलं जुवे बेट घेतलं. ते सोडवायला स्वतः व्हाइसरॉय गेला आणि जखमी होऊन परतला. तेव्हा त्याने या पेटीपाशी येऊन आपली अधिकाराची काठी संताच्या हवाली केली, आता तुम्हीच शहर राखा म्हणून. पुढे मोगल फौजा चालून आल्याने मराठ्यांना मागे फिरावं लागलं. राज्याचा सर्वोच्च अधिकारी ज्या जागी असा हतबल होऊन उभा राहिला, ती जागा आज आपल्यासमोर आहे.

इथवर बहुतेक पर्यटक येतात. आम्हाला सगळ्यात जास्त मिळालं ते पुढच्या टेकडीवर. तिला मोंते सांतो, म्हणजे पवित्र डोंगर, असं नाव आहे. दहा मिनिटांचा चढ आहे. काकी मध्ये एकदा बसल्या, बाकी काही त्रास झाला नाही.

टेकडीवर सांता मोनिका नावाचा जोगिणींचा प्रचंड मठ आहे. १६०६ मध्ये त्याची स्थापना झाली. आशियातल्या बायकांच्या पहिल्या ख्रिस्ती मठांत त्याची गणना होते. विधवा, लग्न न झालेल्या मुली, मोठ्या घरातल्या लेकी इथे आल्या. मठात येताना त्या आपला हुंडा घेऊन येत. थोड्याच वर्षांत मठ एवढा श्रीमंत झाला की शहरातल्या पुरुष कारभाऱ्यांनी राजाकडे तक्रारी केल्या, मुली आणि पैसा दोन्ही मठात जातंय म्हणून. ज्या काळात बाईच्या नावावर काही नसायचं, त्या काळात शंभरेक बायका एकत्र राहत होत्या, हिशेब ठेवत होत्या आणि कारभाऱ्यांना पुरून उरत होत्या. मठाच्या भिंती उंच होत्या, बाहेर जायची मुभा नव्हती, हेही खरंच. कोंडलेलं आयुष्य म्हणावं की सुटका, यावर आमच्यात जिन्यावरच वाद झाला. तो अजून मिटलेला नाही. बेबिंका नावाची थरांची गोड मिठाई याच मठात जन्मली असं गोव्यात सांगतात. पांढरं कपड्यांच्या खळीला लागायचं, म्हणून उरलेल्या बलकांचं काय करायचं यातून ती सुचली म्हणे. दंतकथा असेल, पण वाया न घालवण्याची बुद्धी बायकांचीच. याच मठात आता ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. हस्तिदंताच्या आणि लाकडाच्या मूर्ती बघा. कारागीर इथलेच, म्हणून मेरीच्या चेहऱ्यात आपल्याकडची बाई दिसते.

मठासमोर संत ऑगस्टिनच्या चर्चचे अवशेष आहेत. छत १८४२ मध्ये कोसळलं. आज एकच मनोरा शेहेचाळीस मीटर उंच उभा आहे. इथेच सापडल्या केतेवान राणीच्या अस्थी. ही जॉर्जिया देशाची राणी. इराणच्या शाहने तिला वर्षानुवर्षं कैदेत ठेवलं. धर्म सोडायला तिने नकार दिला म्हणून १६२४ मध्ये शिराझ शहरात तिला हाल करून मारलं. तिथल्या पोर्तुगीज पाद्रींनी तिच्या अस्थींचा काही भाग १६२७ मध्ये इथे आणला. जुन्या कागदांवरून भारतीय पुरातत्त्व खात्याने इथे शोध घेतला, एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाडं सापडली आणि हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी डीएनए तपासणी केली. २०२१ मध्ये भारताने त्यातला अवशेष जॉर्जियाला दिला. जवळजवळ चारशे वर्षांनी ती राणी घरी गेली.

थोडं पुढे नदीवर नजर ठेवून असलेलं रोझरी चर्च आहे. आत भिंतीत एका बाईची कबर आहे, नाव कातारिना आ पिरो. पोर्तुगालहून इथे आलेल्या पहिल्या बायकांपैकी ती एक. गव्हर्नर गार्सिया द सा याच्यासोबत ती राहत होती, पण त्याने तिच्याशी लग्न लावलं ते ती मरणशय्येवर असताना, असं सांगतात. कबरीवरचं कोरीव काम मात्र गुजराती धाटणीचं, फार नाजूक आहे.

राणी झाली, गव्हर्नरची बायको झाली. आणि ज्यांची कबर नाही त्या? शहराच्या मुख्य रस्त्याला 'रुआ दिरैता' म्हणजे सरळ रस्ता म्हणत. तिथे रोज सकाळी लिलाव चाले. १५८३ ते १५८८ या काळात इथे राहिलेल्या लिन्शोटेन नावाच्या डच माणसाने लिहून ठेवलंय की घोडे, मसाले, गालिचे यांच्याबरोबर तिथे गुलाम माणसंही विकली जायची. त्यांत बायका आणि मुली होत्या. त्या रस्त्याची खूण आज फारशी उरलेली नाही. आम्ही तिथे थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिलो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. १५४० च्या सुमारास या तिसवाडी बेटावरची देवळं पाडली गेली. १५६० च्या दशकात तीच वेळ साष्टीवर आली. १५६० मध्येच इथे इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय सुरू झालं. मधली काही वर्षं वगळता ते १८१२ पर्यंत चाललं. नव्याने ख्रिस्ती झालेले लोक जुन्या चालीरीती पाळतात का, हे बघणं हा त्याचा एक मोठा उद्योग होता. १७३६ च्या एका हुकुमात काय काय मना केलं होतं ते ऐका. दारात तुळस लावणं मना. बायकांनी चोळी घालणं मना. लग्नात ओव्या म्हणणं मना. राजाच्या तोफा जिथे पोचत नाहीत तिथे हा हुकूम पोचला, म्हणजे थेट अंगणात आणि बाईच्या गळ्यात.

यातली गंमत अशी की ओवीचं बळ पाद्रींनाही ठाऊक होतं. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला आणि मराठी शिकला. त्याने येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली, तेच क्रिस्तपुराण. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. भारतातला पहिला छापखानाही १५५६ मध्ये जुन्या गोव्यातच, संत पॉल कॉलेजात सुरू झाला. त्या कॉलेजची एक कमान आजही रस्त्याकडेला उभी आहे.

मग देव कुठे गेले? जिथे पोर्तुगीजांची सत्ता नव्हती तिथे, नदीपलीकडे. तेव्हा फोंड्याचा भाग आदिलशाहीत होता. कुशस्थळीहून मंगेश, केळशीहून शांतादुर्गा, वेर्ण्याहून म्हाळसा, लोटलीहून रामनाथ, असे सगळे जुवारी ओलांडून आले. जुन्या गोव्यासमोरच्या दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर पलीकडे नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये त्याचं देऊळ छत्रपती शिवाजी महाराजांनी नव्याने बांधवलं. व्हाइसरॉयच्या कमानीजवळून दिवाडीला फेरीबोट सुटते. जमलं तर ती चुकवू नका, पाण्यातून बघितलं की नदी ही सरहद्द होती हे पटतं.

रात्री आम्ही पणजीत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोंड्याच्या बसमध्ये बसलो. ती पुन्हा जुन्या गोव्यावरूनच जाते आणि पुढे बाणस्तारीचा पूल लागतो. हा पूल आम्ही आधी किती वेळा ओलांडला असेल. या वेळी कळलं की ही जुनी सरहद्द आहे. पुलाच्या अलीकडे तुळस लावायची चोरी आणि पलीकडे दीपमाळा. मंगेशीला हात जोडताना मनात आलं ते त्या माणसांचं, ज्यांनी रातोरात घरदार सोडून देव खांद्यावर घेतला. आणि जी मागे राहिली, धर्म बदलून शेत आणि घर राखून राहिली, ती काय परकी होती? एकाच घरातले एक भाऊ इकडे, एक तिकडे झाले.

म्हणूनच हा इतिहास ऐकून कुणी आजच्या शेजारणीकडे वाकड्या नजरेने बघू नये. कालच्या राजाचा हिशेब तिच्याकडे मागायचा नसतो. गोव्यातल्या बायकांनी हे आपल्या परीने कधीच सोडवलंय. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी, असं तिथे दोन्ही धर्मांचे लोक मानतात. आपणही रोज बटाटा, कोबी, पाव, काजू म्हणतो, चावी शोधतो, घमेलं उचलतो आणि पगाराची वाट बघतो. हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले आहेत.

जायचं ठरवलंत तर थोड्या सूचना. पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. ३ डिसेंबरला झेवियर यांचं फेस्त असतं आणि त्याआधीचे दिवसही गर्दीचे असतात, शांतपणे बघायचं असेल तर ते टाळा. चर्चमध्ये खांदे झाकलेले असावेत, प्रार्थना चालू असेल तर मागे उभं राहावं. पाण्याची बाटली, टोपी किंवा छत्री आणि चालायची चप्पल बरोबर हवी. सकाळी टेकडी, दुपारी चर्च असा क्रम ठेवला तर ऊन लागत नाही. सहाजणींना एक पूर्ण दिवस पुरतो. आणि घरून निघताना फक्त देवदर्शनाला जातो असं सांगू नका. देव तिथे कसा आला ते बघायला जातो, असंही सांगा. आम्ही परत आल्यावर ते सांगितलं तेव्हा दोन घरांतल्या सासूबाईंनी पुढच्या खेपेला आपलं नाव लिहून ठेवायला सांगितलंय.

पुढच्या भेटीपर्यंत नमस्कार.